झाकणाचा टवका

चि. धाकटीस,

तुझ्या थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे जसे होतो तसेच आहोत, म्हणजे बरेच म्हणायचे. तुझा गुडघा कसा आहे? डावा म्हणते मी, उजव्याचं मागच्या पत्रात सविस्तर कळलं. भाऊजींचा खोकला थांबला का? थांबला असला तरी त्यांना म्हणावं, अधूनमधून उगीच खोकत जा, घरात पुरुषमाणूस आहे हे शेजाऱ्यांना कळतं. तुझ्या मांजरीला पिल्लं झाली का, झाली तर किती, आणि त्यातलं एकही माझ्यासाठी ठेवू नकोस.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. अगं, फोनवर तू मधेमधे बोलतेस. मला सलग सांगायचंय. आणि दुसरी पास झालेय मी, तिसरीत अर्धं वर्ष बसलेय, तेवढ्या शिक्षणाला गंज चढू द्यायचा का? अक्षर वाकडं दिसलं तर कागद तिरका धर. पत्र मिळताच उलट टपाली उत्तर पाठव, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

तर मुख्य बातमी अशी की तुझी बहीण कमिटीवर आहे. हो, मीच. बसली असशील तर बसूनच राहा, उभी असशील तर बस. (गुडघा सांभाळून.) आणि कसली कमिटी म्हणशील तर जोखमीची. म्हणजे काय काय वाईट होऊ शकतं याचा विचार करायचा आणि तो मोठ्याने बोलून दाखवायचा. आता तूच सांग, या कामाला माझ्याइतकं लायक माणूस पंचक्रोशीत आहे का? आमचे हे होते तेव्हा रोज म्हणायचे, "तुझ्या तोंडून एकदा तरी चांगलं ऐकलं की मी सुखाने डोळे मिटेन." बिचारे तसेच गेले. आयुष्यभर ज्या गुणापायी मी शिव्या खाल्ल्या, त्याच गुणासाठी या वयात मला खुर्ची, चहा आणि दोन बिस्किटं मिळायला लागली. देव आहे गं, उशिरा येतो इतकंच.

हे जमलं कसं ते सांगते. आपली नात त्या संस्थेत आहे ना. तुला संस्था म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण भाऊजी तिला अजून सरकारी नोकरी समजतात. संस्था म्हणजे सरकार नाही आणि दुकानही नाही. लोकांचं भलं करण्यासाठी दुसऱ्या लोकांकडून पैसे आणायचे, भलं करायचं, आणि ते झालं हे कागदावर दाखवायचं. यातलं दाखवणं सगळ्यात अवघड, असं नात म्हणते. तिला आमच्याच गल्लीचं काम दिलं होतं. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते कधी चहासारखं, कधी सरबतासारखं; पाण्यासारखं फारसं येत नाही. पोरांची पोटं बारा महिने बिघडलेली. म्हणून घरोघरी एकेक पाण्याचा फिल्टर द्यायचा, लोकांनी त्यातलं पाणी प्यायचं, पोटं सुधारायची, असं ते प्रोजेक्ट. पोरीचं पहिलंच स्वतःचं काम. ते नीट पार पडलं तर पुढचा टप्पा मिळणार आणि तिची नोकरी पक्की होणार. नाही तर दोन्ही बंद. त्यात पैसे देणाऱ्यांचा नियम असा की जोखमीच्या कमिटीत वस्तीतलं एक माणूस हवंच. शिंपीणबाईला विचारलं तर तिच्याकडे लग्नाचे कपडे शिवायला आलेले. बेकरीवाली म्हणाली, मी बसले तर पाव कोण भाजणार? शेवटी नातीने माझ्याकडे पाहिलं. मी आधीच चप्पल घातली होती.

पहिल्या बैठकीत संस्थेच्या मोठ्या बाई (मोठ्या म्हणजे हुद्द्याने, अंगाने काडी आहेत) म्हणाल्या, या कामात काय काय बिघडू शकेल, सांगा बरं. सगळे शिकलेसवरलेले खाली बघून पेनं चावायला लागले. मी म्हटलं, मी बोलू का? आणि जी सुरू झाले ती चहाचे कप उचलून नेले तरी थांबले नाही. फिल्टर फुटेल. फुटला नाही तर चोरीला जाईल. चोरीला गेला नाही तर नवरा विकून येईल. पोरं तोटी फिरवत बसतील. उंदीर शिरेल. पाल पडेल. पाहुणा आला तर तो त्यावर बसेल. भूकंप होईल. मोठ्या बाई लिहून लिहून दमल्या. त्यांच्याकडे एक रजिस्टर असतं, त्यात धोका कोणता, होण्याचा संभव किती, झाला तर नुकसान किती, त्यावर उपाय काय आणि त्याला जबाबदार कोण, असे रकाने असतात. मोठा धोका लाल, मधला पिवळा, आणि काळजी नसेल तर हिरवा. मला ते रजिस्टर इतकं आवडलं म्हणून सांगू! माणसाच्या काळजीला इतका मान मी जन्मात पाहिला नव्हता.

घरी येऊन मी लगेच घरचं रजिस्टर केलं. (कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. तेवढीच जागा कोरी होती.) मुलाची मोटारसायकल लाल. गच्चीचा जिना पिवळा. सूनबाईच्या स्वयंपाकातलं मीठ मी पिवळं लिहिलं होतं, पण ते तिच्या वाचनात आलं आणि त्याचं लाल व्हायला एक जेवण पुरलं. चार दिवस ती माझ्याशी नुसती ताटाच्या आवाजात बोलत होती. नात म्हणाली, "आजी, घरातल्या माणसांची जोखीम लिहायची नसते, पत्करायची असते." तिला असलं बोलायला सुचतं. आजोळकडून आलंय.

असो. फिल्टर आले. काय रूप गं एकेकाचं! चिनी मातीचे, शुभ्र, बगळ्याच्या पिसासारखे. वर एक भांडं, खाली एक भांडं, त्याला निळी तोटी, आणि माथ्यावर टोपीसारखं झाकण. रजिस्टरमध्ये पहिलाच धोका होता, फिल्टर फुटणे. जबाबदार कोण, या रकान्यात मोठ्या बाईंनी माझं नाव घातलं. मी मनात म्हटलं, आता माझा प्राण गेला तरी चालेल, पण या गल्लीत एका झाकणाचा टवका उडता कामा नये.

लागले कामाला. जुने स्वेटर उसवले आणि प्रत्येक फिल्टरला लोकरीचं झबलं विणलं. शिंपीणबाईचं मोरपंखी, बेकरीवालीचं गुलाबी, आमचं दोन रंगांचं, कारण एक बाही कमी पडली. घरोघर जाऊन ते चढवले आणि सूचना दिल्या. चुलीजवळ ठेवू नका, उष्णतेने तडा जाईल. खिडकीशी नको, पडेल. मोरीजवळ नको, घसरेल. म्हणजे स्वयंपाकघरात नकोच, बाहेरच्या खोलीत स्टुलावर ठेवा. पोरांना हात लावू देऊ नका. पुरुषांना तर बिलकूल नको. तोटी सारखी फिरवू नका, ढिली होते. वरचं भांडं काठोकाठ भरू नका, भार येतो. आता यातून एकच सूचना राहिली होती, की पाणीच घालू नका. तीही मी दिली असेन, छातीवर हात ठेवून नाही म्हणवत नाही.

बायकांनी माझं अक्षरन् अक्षर ऐकलं. तू तरी कधी ऐकलं होतंस का माझं? पण त्यांनी ऐकलं. फक्त एक घर सोडून. गल्लीच्या टोकाला भंगारवाला राहतो, त्याच्या सुनेने पहिल्याच आठवड्यात झाकण फोडलं. पोराला खाली उतरवताना त्याचा पाय लागला म्हणे. मी गेले, पाहिलं, कपाळावर हात मारला, आणि तिचं झबलं परत घेऊन आले. वर तिला ऐकवलं, "तुला बाई चांगल्या वस्तूची किंमत नाही." ती बिचारी वर ताटली झाकून कामाला लागली. रजिस्टरमध्ये मी तिच्या घरापुढे लाल खूण करायला लावली. बाकी सगळी गल्ली हिरवीगार. फुटणे नाही, चोरी नाही, गहाळ नाही. दर महिन्याला मोठ्या बाई म्हणायच्या, "आजी, तुमच्यासारखी माणसं प्रत्येक प्रोजेक्टला हवीत." आणि मी तिसरं बिस्किट घ्यायची.

वापराचा रकाना नातीकडे होता. ती बायकांना विचारायची, फिल्टर कसा आहे? त्या म्हणायच्या, छान आहे! खोटं काय त्यात? छानच होता. आणि आपल्या घरात विचारायचं तर तिला सुचलंच नाही. सकाळी ती धावतपळत निघायची, मी तिची बाटली भरून द्यायची, कशातून ते ना तिने पाहिलं ना मी सांगितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि तो दिवाही आमचाच.

मग एक दिवस पैसे देणाऱ्यांच्या तपासनीसबाई आल्या. भर उन्हात, पायी, गळ्यात ओळखपत्र, हातात तो पाटीसारखा फोन. मी कमिटीवरची, म्हणून पुढे मी. मागे नात, तिच्या मागे मोठ्या बाई. पहिलंच घर शिंपीणबाईचं. स्टुलावर मोरपंखी झबल्यात फिल्टर असा बसला होता, की जणू मुलगी बघायला आलाय आणि आता ती चहा घेऊन येईल. वर शिंपीणबाईने कागदाची फुलं ठेवलेली. तपासनीसबाईंनी कौतुकाने फोटो काढला. मी म्हटलं, झबलं मी विणलं. त्यांनी माझाही फोटो काढला. (तो मागवला आहे, तुला दाखवीन.) मग घाम पुसत त्या म्हणाल्या, "जरा पाणी मिळेल का?" झालं. शिंपीणबाई "हो हो" म्हणत फिल्टरला वळसा घालून आत पळाली आणि जुन्या पिंपातून तांब्याभर पाणी घेऊन आली.

तपासनीसबाई म्हणाल्या, "यातलं नाही देत?"

"यातलं?" शिंपीणबाईला धक्काच बसला. "अहो, नवा आहे तो!"

तपासनीसबाईंनी नातीकडे पाहिलं, नातीने माझ्याकडे पाहिलं, मी कागदाच्या फुलांकडे पाहिलं. तपासनीसबाईंनी हळूच झबलं वर केलं, झाकण उचललं. आत बटणं. गल्लीभरातल्या लग्नांना पुरतील एवढी, रंगवार पुड्या करून. शिंपीणबाई अभिमानाने म्हणाली, उंदीर जात नाही ना आत.

पुढचं सांगताना माझे मलाच कान धरावेसे वाटतात. बेकरीवालीच्या फिल्टरात मेणबत्त्या आणि नवऱ्याला सापडू नये म्हणून ठेवलेली काडेपेटी. तिच्या शेजारणीकडे औषधं, वरच्या भांड्यात सासूची, खालच्यात स्वतःची. कोणाकडे किल्ल्या, कोणाकडे पोराचे पडलेले दात. एकेक झबलं वर होत होतं आणि नात एकेक इंच खाली जात होती. शेवटी आमच्या घरी आलो. मी म्हटलं, आमचं राहू द्या, उशीर झाला. पण तपासनीसबाई कसल्या ऐकतात. झाकण काढलं तर वर माझे लोकरीचे गुंडे, आणि खालच्या भांड्यात नातीची शाळेपासूनची सगळी प्रशस्तिपत्रकं, गुंडाळून, फीत बांधून. धाकटे, त्यात तिला उत्तम कामाबद्दल संस्थेने दिलेलंही होतं. ते सगळ्यात वर होतं.

मग उरलं एकच घर, टोकाचं. मी म्हटलं, तिकडे जाऊन काही फायदा नाही, ते आमच्याकडे लाल आहे. तपासनीसबाई म्हणाल्या, आता लालच पाहते. भंगारवाल्याची सून भांडी घासत होती. फिल्टर अगदी चुलीच्या बाजूला. झाकणाच्या जागी ताटली, तोटीला दोरी बांधलेली, अंगावर पोरांच्या बोटांचे ठसे. आणि काठोकाठ भरलेला! तिचा मोठा पोरगा बाहेरून धावत आला, आमच्याकडे न बघता त्याने तोटीखाली पेला धरला, गटागटा प्यायला आणि परत धावत गेला. तपासनीसबाई तिथे दोन पेले पाणी प्यायल्या. दुसरा पेला बसून प्यायल्या. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. आत बसायला तोंड कुठे होतं? त्यांनी सुनेला विचारलं, तूच एकटी कशी वापरतेस गं? ती म्हणाली, "झाकण फुटलं, आजींनी झबलं नेलं. म्हटलं, आता याची काय मोठी शोभा राहिली, निदान पाणी तरी पिऊ."

संध्याकाळच्या बैठकीत तपासनीसबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं. त्या शांतपणे म्हणाल्या, धोके सगळे आटोक्यात आहेत, काम मात्र झालेलं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा येईन, तेव्हा घरोघर पाणी भरलेलं दिसलं तर पुढचा टप्पा, नाही तर इथेच समाप्त. त्या दिवशी मला एकही बिस्किट गेलं नाही. पुढे केलं होतं कोणीतरी.

नात घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. जेवली नाही. मी उशाशी जाऊन बसले आणि म्हटलं, बोल मला हवं ते. ती म्हणाली, "तुला काय बोलू आजी, तू तर दिलेलं काम शंभर टक्के केलंस." धाकटे, तिने मला चार शब्द सुनावले असते तर मी चाळीस परत दिले असते आणि दोघी मोकळ्या झालो असतो. पण हे ऐकून मी नुसतं तिच्या अंगावर पांघरूण घातलं. पोर पाठमोरी, आणि मला सारखे आईचे कप आठवायला लागले. ते निळ्या काठाचे, कपाटात वरच्या फळीवर, पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेले. येणारा प्रत्येक पाहुणा आईला त्या कपांपेक्षा थोडा कमीच वाटायचा. शेवटी ते खाली निघाले ते आई गेली तेव्हा, भेटायला येणाऱ्यांना चहा द्यायला. सगळ्या गावाने त्यातून चहा घेतला, आईने एकदाही नाही. त्या दिवशी तू आणि मी काय म्हटलं होतं आठवतं? आपण असं नाही करायचं. आणि मी काय केलं, तर अख्ख्या गल्लीला तेच कपाट करून दिलं, वर झबलं घालून.

सकाळी उठले ती घरोघर सांगत सुटले, बायांनो, वापरा. पण पालथ्या घड्यावर पाणी! (इथे तर घड्यात पाणीच नाही.) बटणं काढली त्यांनी, मान हलवली, झबलं सारखं केलं. "वापरू की आजी, पुढच्या महिन्यापासून." "पाहुणे येणारेत, ते गेले की." "इतका पांढरा आहे, डाग पडेल हो." मला माझेच शब्द परत मिळत होते, आणि तेही घडी न मोडलेले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुला माहीतच आहे, माझ्या डोक्यात प्रकाश पडला की घरातली माणसं वाळूची बादली शोधतात. मी म्हटलं, भंगारवाल्याच्या सुनेकडे असं काय आहे जे यांच्याकडे नाही? टवका!

आधी घरच्यावर करून पाहिलं. बत्ता घेतला, झाकणाच्या कडेला हलकेच टक् केलं. नखाएवढा टवका उडाला. सूनबाई किंचाळली, थोडा वेळ मला जन्माचं ऐकवलं, मग म्हणाली, "आता फुटलाच आहे तर नेते आत." नेला, भरला, जेवायच्या आधी पाणी तय्यार. मी तशीच बत्ता घेऊन निघाले. शिंपीणबाईकडे माझा हात जरा जड पडला. टवका उडवायचा होता, झाकणाचे दोन भाग झाले. ती ओरडली, "आधी झाकायला शिकवलंत, आता फोडायला आलात? तुम्हाला भुताने धरलंय काय?" मी म्हटलं, हेच काम आहे, मी कमिटीवर आहे. बेकरीवालीला बातमी आधीच पोचलेली, ती फिल्टर पोटाशी धरून दारात उभी. मी पुढे, ती मागे, मी मागे, ती पुढे, आणि त्या झटापटीत तो तिच्याच हातून दाराच्या चौकटीवर आपटला. (तो टवका माझ्या हिशेबात धरू नये, असं मी बैठकीतही सांगितलं.) अशी सगळी गल्ली पालथी घातली. संध्याकाळपर्यंत एकही बाई माझ्याशी बोलत नव्हती, आणि एकही फिल्टर कोरा नव्हता.

पण धाकटे, भरले गं सगळ्यांनी! चिडून भरले, मला शिव्या देत भरले, पण भरले. "वाट लावलीच आहे म्हातारीने, तर वापरून तरी घेऊ." शिंपीणबाईने वर कापडाचा तुकडा बांधलाय. बेकरीवाली आता त्याच पाण्याने पीठ मळते आणि आपणहून काहीतरी केल्यासारखं गिऱ्हाइकांना सांगते. आठवड्याने नात फेरीला गेली. घरोघर तोट्या ठिबकताहेत, पोरं पेले धरून भांडताहेत. ती परत आली ती हसतच, उचकी लागेपर्यंत हसली, आणि मी तिला पाणी दिलं. फिल्टरचं. तेव्हा मी पहिल्यांदा चव घेतली त्याची. काही चव नाही गं त्याला! तेच चांगलं असतं म्हणे.

आता तू म्हणशील, सगळं गोड झालं. तसं झालंच. मोठ्या बाईंनी आमच्याच घरी कागद मांडून बघितले. वापर सगळ्या घरी, शाबास. पण नुकसानीचा रकाना, जो माझ्या कारकिर्दीत हिरवा होता, तो आता टोमॅटोसारखा लाल, कारण प्रत्येक घरी मोडतोड. त्या म्हणाल्या, टवक्यांचं मी समजावून सांगेन, पण तपासनीसबाई येईपर्यंत आणखी काही फुटलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. मग त्यांनी रजिस्टर उघडलं, भूकंप वगैरे सगळं खाली ढकललं आणि सगळ्यात वर, लाल शाईने, नवा धोका नंबर एक लिहिला. मला वाचता येतं हे त्या विसरल्या होत्या. तिथे लिहिलं होतं, "आजी."

बाई, काय वाटलं म्हणून सांगू! कुठे मी दुसरी पास, आणि कुठे भूकंपाच्या वर! संभव, जास्त. नुकसान, जास्त. मी मुलाला बोलावून दाखवलं, सूनबाईला दाखवलं. सूनबाई म्हणाली, हे तर मी लग्न झाल्यापासून सांगतेय, मला कोणी रजिस्टर दिलं नाही म्हणून. पहिल्यांदाच आम्ही दोघी एका गोष्टीवर एकत्र हसलो.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, मांजरीला काही नको. लिहिताना काही कमीजास्त झालं असेल तर जास्तच झालं असेल, सांभाळून घे.

तुझीच,
थोरली

ता. क. : ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय तुला ठाऊक आहे, तेव्हा भांडं आता पुढे करते. त्या रजिस्टरमध्ये धोक्याच्या पुढे उपायाचा रकाना असतो. माझ्या पुढे लिहिलंय, "तपासणी होईपर्यंत धाकट्या बहिणीकडे पाठवणे." आणि जबाबदार कोण या रकान्यात तुझं नाव आहे. मी नाही सुचवलं, नातीने. म्हणाली, "आजी, तू काही करू नकोस, हीच मला मोठी मदत." पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे, म्हणून मी जास्त ताणलं नाही. तू हो म्हणशीलच, कारण रकाना भरून झालाय, पेनाने.

आणखी ता. क. : आईचे निळ्या काठाचे कप तुझ्याकडे आहेत ना? काढून ठेव. रोज सकाळ-संध्याकाळ आपण दोघी त्यातूनच चहा घ्यायचा, पाहुण्याची वाट बघायची नाही. फक्त मी येईपर्यंत त्यांना हात लावू नकोस. तुझ्या हातून फुटतील.

शेवटचं : वर उलट टपाली उत्तर पाठव म्हटलं आहे, ते पाठवू नकोस. हे पत्र टपालात गहाळ होण्याचा धोका मला लालच वाटला. तेव्हा ते मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर लोकरीचं पाकीट विणून, स्वतःच घेऊन आले आहे. वाचून झालं असेल तर आता दार पूर्ण उघड, सामान जड आहे.